‘गो’चे ‘गोड’ का होत नाही?

इंग्रजीत ‘प्ले’चा भूतकाळ ‘प्लेड’ होतो. शेवटी ईडी लावली की काम झाले. मग ‘गो’चा ‘गोड’ व्हायला पाहिजे ना? पण तो होतो ‘वेंट’. ‘कम’चा ‘केम’, ‘सी’चा ‘सॉ’. गुरुजींनी सांगितले की ‘वेंट’ हे रूप मुळात ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचे होते. ‘गो’ने ते घेतले आणि परत दिलेच नाही!

अशी क्रियापदे सगळे पाठ करायला सांगतात. ‘गो, वेंट, गॉन’ असे पाढ्यासारखे म्हणायचे. पाहुणे घरी आले तरी तेच म्हणायला लावतात आणि भरभर म्हटले की खूश होतात. मला हे पटत नाही. पाढे पाठ केलेच पाहिजेत, बे दुणे चार कुठेही चारच. पण नुसते ‘वेंट’ एकटे काय कामाचे? कोण गेला, कुठे गेला, मग काय झाले, हे कळले तर ते डोक्यात राहते. म्हणून गोष्ट पाहिजे.

आपल्या मराठीचेच बघा. ‘बस’चे ‘बसला’ होते, पण ‘जा’चे ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होते. ‘ये’चे ‘आला’, ‘कर’चे ‘केले’. हे आपण कधी पाठ केले होते? माझी धाकटी बहीण तीन वर्षांची आहे. ती म्हणते, “मी करलं.” आजी म्हणते, “हो का, तू केलं का?” आणि पुढची गोष्ट सांगते. बहिणीला कोणी उठाबशा काढायला लावत नाही. आता ती कधी करलं म्हणते, कधी केलं. आजीच्या गोष्टीत तर सगळा भूतकाळच असतो. राजा होता, तो शिकारीला गेला, त्याला तहान लागली. दीपनगरला पॉवर हाऊसमुळे ठिकठिकाणची माणसे राहतात. अहिराणी बोलणारी मुले ‘आला’ला ‘उना’ म्हणतात. तेही त्यांनी वहीत लिहून पाठ केलेले नाही.

आम्ही वर्गात चिऊ-काऊची गोष्ट इंग्रजीत करतो. पाऊस आला, रेन केम. काऊचे शेणाचे घर पडले, म्हणजे ‘फेल’. तेव्हा सगळे खूप हसले, घर नापास झाले म्हणून! तो शब्द आता कोणीच विसरत नाही. चिऊने ऐकले ते ‘हर्ड’, बाळ झोपले ते ‘स्लेप्ट’. एकाने एक वाक्य सांगायचे, दुसऱ्याने पुढचे. ज्याला येत नाही त्याने मराठीत सांगायचे, पण गोष्ट थांबवायची नाही. हा नियम मला फार आवडतो. एरवी गप्प बसणारी मुलेसुद्धा बोलतात, कारण पुढे काय झाले ते त्यांना माहीत असते. (‘कट’ आणि ‘पुट’ आळशी आहेत. ती भूतकाळातही बदलत नाहीत.)

काही पालक म्हणतात, मराठी शाळेत इंग्रजी येत नाही. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण त्यामुळेच जूनमध्ये दुसऱ्या शाळेत गेली. ती आता व्हॅनने जाते. पण आपल्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्याआधी पाचवीपासून होते. आम्हाला येते की नाही, हे ‘गो, वेंट, गॉन’ ऐकून कसे कळणार?

तर पालकांनो, आज भित्तिपत्रक वाचायला आलाच आहात, तर आम्हाला चिऊ-काऊची गोष्ट सांगायला लावा. आम्ही पाचजण तयार आहोत. थोडा वेळ लागेल, खाली बसून ऐका.