धुतलेली गाडी धोतरानं पुसू नका

आज ना ऊस, ना डाळिंब. आज गाडी पुसण्यावर लिहितोय. हसू नका, लाखांची वस्तू आहे आणि तिचा हप्ता उसाच्या बिलातूनच जातो.

मागच्या दसऱ्याला गाडी घेतली. काळा रंग, पोरीची हौस. काळ्यावर सगळं दिसतं हे तेव्हा डोक्यात आलं नाही. सहा महिन्यांनी एका संध्याकाळी तिरप्या उन्हात बॉनेटकडं लक्ष गेलं, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. आधी वॉशिंग सेंटरवाल्या पोरांना मनात शिव्या घातल्या. पण त्यांच्याकडं गाडी गेली होती सगळी दोनदा. मग दोन दिवस पहाटे उठून बघितलं, तर कारण घरातच. आमचे आबा.

धारा काढून झाल्या की आबा गाडीपाशी जायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं ती कोरडीच पुसायचे. बैल होते तेव्हा त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे ना, अगदी तसं. त्यांना काय बोलणार? तरी बोललो, आणि जरा जास्तच बोललो. दोन दिवस ते गाडीकडं फिरकले नाहीत.

चूक धोतराची नव्हती. वेळापुरात हंगामात काय होतं तुम्हाला माहीत आहे. आजूबाजूला ऊस पेटवून तोडतात, रात्रभर राख उडते, सकाळी गाडीवर काळा थर आणि वरून दव. उसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. त्यात रस्त्यावरच्या खडीची कच. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात त्याला, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केससुद्धा ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. एवढ्या पातळ थरावर राख आणि कच फडक्यानं घासली तर पॉलिश पेपर मारल्यासारखंच होणार.

मग मी दुसरं टोक गाठलं. ठरवलं, पुसायचंच नाही. एचटीपीच्या गननं गाडी धुतली, सकाळचे अकरा वाजलेले, उन्हात सोडून दिली. जेवून येतोय तोवर वाळली आणि अंगभर पांढरे ठिपके. इथं मला माझीच लाज वाटली, कारण हे पाणी मी वीस वर्षं ओळखतो. ठिबकच्या नळीत जो पांढरा क्षार साचतो, ड्रीपर बंद पाडतो, तोच हा.

पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं. माझं बोअर त्या ६०० च्याही वर आहे. धुतल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरा. ६०० नं हिशेब केला तरी ३०० मिलिग्रॅम क्षार. पाणी उडून जातं, क्षार कुठं जाणार? थेंबाच्या कडेला गोळा होऊन बसतो. त्यात उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं, बॉनेटवर हात ठेववत नाही. थेंब पडायचा अवकाश, वाळलाच. म्हणून माझं मत सरळ आहे : बोअरच्या पाण्यानं धुतलेली गाडी आपोआप वाळू देणं हे चुकीच्या फडक्यानं पुसण्याइतकंच वाईट. आमच्या भागात कदाचित जास्तच.

ठिपके आल्यावर लोक काय करतात तेही सांगतो. आमच्या शिवारातल्या एकानं ठिबक साफ करायचं ॲसिड पाण्यात घालून दरवाज्याला लावलं. ठिपके गेले, पण पट्टीची चमकही गेली आणि रंग कायमचा मंद झाला. ॲसिड ट्रीटमेंट नळीला करायची असते, बाबांनो. ठिपके ताजे असतील तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर निम्म्याला निम्मं पाणी घालून, सावलीत, गार पत्र्यावर, मऊ कापडानं हलकं लावा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुऊन टाका. जुने झाले, रंगात उतरले, तर मग पॉलिशवाल्याकडंच जावं लागतं, आणि पॉलिश म्हणजे त्या ४०-५० मायक्रॉनमधलेच थोडे खरवडणं. किती वेळा करणार?

आता मी काय करतो ते सांगतो. गाडी सकाळी लवकर नाहीतर दिवस कलल्यावर, लिंबाच्या सावलीत. आधी नुसत्या पाण्यानं राख-माती खाली सोडायची, मग शाम्पू. गन जवळ धरायची नाही. एचटीपीची टाकी औषधाची असेल तर आधी ती दोनदा विसळा, मोरचूद गाडीवर मारू नका. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचं साठवलेलं, एरवी आरओचा २० लिटरचा जार. कालव्याला आवर्तन असलं की ते पाणी बोअरपेक्षा हलकं मिळतं, पण गढूळ. रात्रभर निवळू द्यावं आणि कपड्यातून गाळून घ्यावं. हे पाणी फवारायचं नाही, पाइपचं उघडं तोंड टपावर धरून संथ सोडायचं. पाण्याची चादर घसरत खाली येते आणि निम्मे थेंब सोबत नेते.

राहिलेलं पाणी टिपायला टॉवेल. मायक्रोफायबरचा जाड टॉवेल मिळतो, चांगलाच असतो, माझ्याकडंही एक आहे. पण मंडळी, आपण सोलापूर जिल्ह्यातले! चादरीसारखंच सोलापूरच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. त्या टॉवेलच्या अंगावर सुताचे जे मऊ फास असतात ते पाणी झटकन ओढतात, आणि चुकून एखादा कण राहिलाच तर तो त्या फासात शिरतो, सपाट धोतरासारखा रंगावर दाबला जात नाही. फक्त काही गोष्टी बघा. कडेची शिवलेली पट्टी कडक असते, ती रंगाला लागू देऊ नका. नवा टॉवेल दोन-तीनदा धुऊनच वापरा, नाहीतर सूत सोडतो. कडक पाण्यात धुऊन उन्हात पापडासारखा झालेला टॉवेल नको. आणि वाळत घालताना कुंपणावर टाकू नका, कुसळं बसतात. मी टाकला होता. एक कुसळ मागच्या दरवाज्यावर वीतभर रेघ मारून गेलं.

टॉवेल पसरून ठेवायचा आणि हळू ओढायचा, घासायचा नाही. टपापासून खाली. दरवाज्याच्या खालच्या भागाला आणि चाकांना वेगळं फडकं, तिथं आबांचं धोतर खुशाल वापरा. टॉवेल मातीत पडला तर त्या दिवशी तो बाद. काचेचा रबरी वायपर काचेपुरताच. पंक्चरवाल्याच्या हवेनं आरशातलं पाणी उडवायचं असेल तर आधी हवा हातावर मारून बघा, तेल येतं का ते.

आबांना एक पांढरा सोलापुरी टॉवेल आणून दिला. म्हटलं, सकाळी राखेला हात लावायचा नाही. रविवारी मी गाडी धुतो, तुम्ही वाळवा. आधी काही बोलले नाहीत. आता रविवारी माझ्या आधी लिंबाखाली उभे असतात, टॉवेल खांद्यावर. परवा घाईत मी दरवाज्यावरचा शेणाचा शिंतोडा शर्टाच्या बाहीनं पुसायला गेलो, तर मलाच ओरडले, "आधी पाणी घाल की!"