यंत्राची रेस अडकते तेव्हा



दसरा झाला की डहाणू-तलासरीच्या माळांवर गवताची कापणी सुरू होते. त्याच सुमारास भातही पिवळे होते, आणि दोन्ही कामे एकदम अंगावर येतात. याच मुलखात १९४५ साली वारली मजुरांनी गवत कापणीच्या मजुरीसाठी संप केला होता. तेव्हा मुंबईच्या तबेल्यांना जाणारे सारे गवत विळ्यानेच पडत असे. विळा आजही आहे. पण पुष्कळ घरांत आता खांद्याला पट्टा लावून चालवायचे टू-स्ट्रोक यंत्र आले आहे. कोणी त्याला ग्रास कटर म्हणतात, कोणी ब्रश कटर. तिकडे घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत त्याच जातीचे इंजिन फवारणीच्या पंपावर बसून माणसाच्या पाठीवर चढलेले असते. दोन्हींचे दुखणे मात्र एकच: रेस अडकते.

गेल्या हंगामात तलासरीजवळच्या एका पाड्यावर गेलो होतो. एका शेतकऱ्याने मला हाताला धरून पडवीत नेले आणि मुलाची पॅन्ट दाखवली. गुडघ्याखाली वीतभर फाटलेली. मुलाने रेसचा खटका सोडला, तरी यंत्राची रेस उतरली नाही. पाते तसेच गरगरत राहिले आणि पाय मागे घेताना कपड्याला लागले. कातडीला लागले नाही, एवढेच नशीब. शेतकरी म्हणाले, "भाऊसाहेब, तालुक्याला नेऊन नवा कार्बुरेटर टाकून आणला. तरी अंगात आल्यासारखं करतं."

मी यंत्र सुरू केले नाही. इंजिन बंद ठेवूनच रेसचा खटका पूर्ण दाबला आणि सोडला. कार्बुरेटरजवळ कान लावला होता. 'टक्' असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. खटका हळूहळू, ओढल्यासारखा परत आला. मग वायरीवरून हात फिरवत गेलो. दांड्यावर वायर हलू नये म्हणून कोणी तरी तिला बांधणीच्या तारेने करकचून बांधले होते. वरचे आवरण तिथे चेपले होते आणि आतली वायर घासून जात होती. गाठ सोडली, आवरण मोकळे केले, आणि 'टक्' ऐकू आला. तरी आवरण चेपलेले होते म्हणून नवी वायर टाकायला लावली. जुना कार्बुरेटर बिचारा उगाच शिक्षा भोगून गेला.

म्हणून सांगतो, कार्बुरेटर उघडण्याआधी ही 'टक्'ची परीक्षा घ्यावी. खटका सोडल्यावर आवाज येत नसेल, तर दोष वायरीत, स्प्रिंगमध्ये किंवा आतल्या स्लाइडमध्ये आहे. आवाज चांगला येतो आणि तरीही इंजिन चालू झाल्यावर ओरडत राहते, तर रेस अडकलेली नाहीच. बाहेरून कुठून तरी हवा शिरते आहे. या दोन दुखण्यांचे औषध वेगळे आहे, आणि पुष्कळदा फिटरसुद्धा इथेच चुकतात.

वायर कोरडी पडली असेल तर ती खटक्याकडून सोडवून उभी टांगावी. वरच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून चाड्यासारखा बांधावा आणि त्यात शिलाई मशीनचे पातळ तेल घालून रात्रभर ठेवावे. सकाळी खालून थेंब पडले की समजावे, तेल आरपार गेले. ग्रीस घालू नये, धुळीला ते आवडते. वायरीचा एखादा केस तुटून बाहेर आला असेल तर तो कापून वेळ मारून नेऊ नये. तोच केस आवरणात अडकून रेस धरून ठेवतो. वायर बदलावी, ती काही महाग वस्तू नाही. बसवताना दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवावी आणि कुठेही कोन पडू देऊ नये. फवारणीच्या पंपावर खांद्याचा पट्टा वायरीवर दाबून बसतो, तेही पाहावे.

वायर मोकळी आहे आणि तरी खटका सुस्त आहे, तर कार्बुरेटरकडे वळावे. यात दोन जाती आहेत. एका जातीत रेससाठी गोल स्लाइड वर-खाली होते, खाली तेलाची वाटी आणि फ्लोट असतो. जुनी लूना किंवा एम-८० ज्यांनी उघडली असेल त्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. दुसऱ्या जातीत वाटी नसते, रबरी पडद्याने पेट्रोल ओढले जाते आणि रेससाठी एक पत्री चकती किंवा लहानसा गोल तुकडा फिरतो. ही जात बहुतेक गवताच्या यंत्रांवर असते, कारण ती आडवी-तिरपी धरली तरी चालते.

स्लाइड बाहेर काढून पाहिली तर तिच्यावर काळपट, चिकट थर दिसेल. जुने पेट्रोल आणि टू-टी ऑईल यांचा हा साका असतो, आणि गवताची बारीक धूळ त्यावर बसली की तो डिंकासारखा धरतो. मऊ फडक्याने आणि पेट्रोलने पुसावा. पॉलिश पेपर लावू नये, स्लाइड खरवडली की पुन्हा नीट बसत नाही. परत घालताना तिच्या बाजूची खाच आतल्या खिळ्यावर आली पाहिजे आणि खालचा कापलेला भाग हवेच्या फिल्टरकडे असला पाहिजे. उलटी बसवली तर स्लाइड खाली टेकत नाही, आणि किक मारताच इंजिन पूर्ण रेसवर ओरडते. असे एक यंत्र मी पाहिले आहे; दुरुस्त करणाऱ्याने 'आता बघा ताकद' असे सांगून ते परत दिले होते! दुसऱ्या जातीत चकतीच्या दांड्याभोवती धूळ साचते आणि तिथली बारीक स्प्रिंग सुटते. ते बाहेरूनच दिसते.

जेट साफ करताना सुई किंवा तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिते. सायकलच्या पंपाने हवा मारावी. अगदीच अडले तर समुद्रकाठी आपल्याकडे तंगूस मिळतो, त्याचा बारीक तुकडा आत-बाहेर करावा.

आता बाहेरून हवा शिरण्याचे. कार्बुरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये जाड काळा तुकडा आणि दोन पॅकिंग असतात. तो तुकडा तडकला किंवा पॅकिंग बसले की इंजिन तिथून फुकटची हवा ओढते. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून ते बारीक आवाजात पळत सुटते. यातला मोठा धोका शेतकऱ्याच्या ध्यानात येत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात वेगळे तेल भरलेले नसते. पिस्टनला तेल मिळते ते पेट्रोलबरोबरच. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. थोडा वेळ यंत्र 'चांगले पळते' आणि मग जाम होते. प्लग काढून पाहावा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक. पांढरे पडले असेल तर हवा शिरते आहे असे धरावे. पाते काढून, इंजिन हळू चालवून जोडावर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. आवाज बदलला तर गळती तिथेच. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून पॅकिंग करण्याची आपल्याकडे रीत आहे. ते दोन दिवस टिकते. लग्नपत्रिका लग्नालाच बरी.

पेट्रोलबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ते आता पूर्वीचे राहिलेले नाही. देशात २०२५ साली २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते. आपल्याकडे पावसाळाभर हवा ओली, समुद्र जवळ. अर्धी भरलेली टाकी चार महिने कोपऱ्यात राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. टू-टी ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. म्हणजे पहिल्या दिवशी इंजिनात जाते ते बिनतेलाचे पाणीदार मिश्रण! रबरी पडदा आणि नळ्याही जुन्या यंत्रांत कडक होतात. म्हणून मिश्रण आठवड्याला लागेल तेवढेच करावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे: २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण यासाठी उत्तम. 'थोडे जास्त घातले तर काय बिघडते' असे पुष्कळ जण म्हणतात. बिघडते ते हे, की प्लग काळा होतो आणि स्लाइडवरचा तोच साका वाढतो. हे काम बिडी विझवून, चुलीपासून लांब करावे.

चालू कामात रेस अडकली तर काय करावे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. आधी बंद करण्याचे बटण. ते चालले नाही तर चोक पूर्ण लावावा, इंजिन गुदमरून थांबते. प्लगची टोपी ओढायला जाऊ नये, झटका बसतो. पाते थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये आणि दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देऊ नये. फवारणी करताना हीच गोष्ट दुप्पट लागू आहे, कारण पाठीवर विष असते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर वाड्यांची निगा वाढली आहे. पण वाडीवाल्यांच्या पंपांचे बटण चिकटपट्टीने बांधलेले मी अजून पाहतो. ते आजच नवे टाकावे. गवताच्या यंत्रात आणखी एक पाहावे: रेस सोडल्यावर पाते पूर्ण थांबले पाहिजे. मंद चालीवर फिरत राहिले तर मंद चालीचा स्क्रू सैल करावा. तरी फिरले तर आतल्या क्लचची स्प्रिंग गेली, ते काम फिटरचे.

त्या पाड्यावरचा मुलगा आता रोज सकाळी यंत्र उचलण्याआधी खटका दाबून सोडतो आणि कान लावतो. काढून टाकलेला जुना कार्बुरेटर मी धुऊन पाहिला, त्यात काही दोष नव्हता. त्याच्या वडिलांनी तो फडक्यात गुंडाळून कणगीवर ठेवला आहे.