लेंटमध्ये कुणी सुटू नये

तुमच्या मंडळीत यंदा काही ना काही बदललं असेल. जुन्या पाळकसाहेबांची बदली झाली असेल आणि नवे साहेब अजून घरं ओळखत असतील. चर्चचं छप्पर उतरवलं असेल आणि उपासना शाळेच्या हॉलमध्ये भरत असेल. माणसं कमी झाली म्हणून दोन उपासनांची एक केली असेल. किंवा नुसती वेळ बदलली असेल, नऊची साडेसात.

आणि त्यातच लेंट आला आहे.

अशा वेळी घरोघरी एकच विषय निघतो: हा बदल बरा की वाईट? तो विषय मी आज बाजूला ठेवतो. बदल तुम्हाला पटलेला असो वा नसो, या दिवसांत मंडळीतलं एकही माणूस सुटू देऊ नका, एवढंच मला सांगायचं आहे. तुम्ही चहा सोडाल, मटण सोडाल, रोज अध्याय वाचाल. ते सगळं करा. पण त्याआधी मोजून बघा, आपली सगळी माणसं आहेत ना.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. वर्षभरात आपण इतक्या वेळा एकत्र येत नाही. आठवड्याची खास उपासना, घराघरांतल्या प्रार्थना, महिला मंडळाची बैठक, मग पवित्र आठवडा. ज्याला येता येतं तो या दिवसांत मंडळीच्या आणखी जवळ येतो. ज्याला येता येत नाही तो आणखी लांब पडतो, आणि लांब पडल्याचं कुणाला सांगतही नाही.

म्हणून पहिलं काम सभासदांची वही काढण्याचं. कमिटीतल्या दोघांनी आणि महिला मंडळातल्या दोघींनी एका संध्याकाळी बसावं. गल्लीवार नावं वाचावीत. बदल झाल्यापासून कोण दिसलं नाही, त्या नावापुढे खूण करावी. नव्या पाळकसाहेबांना शेजारी बसवून घ्या. त्यांना घरांची ओळखही होईल.

मग त्या घरी जा. फोन नको, जा. सलाम करा, बसा, पाणी घ्या. “येत का नाही?” असं विचारू नका. त्या प्रश्नाने माणूस आखडतो आणि “तब्येत बरी नसते” म्हणून मोकळा होतो. “येण्याची सोय कशी आहे?” असं विचारा. खरं कारण तिथे कळतं.

कारणं बहुधा साधी असतात. एखादी बहीण हॉस्पिटलात नर्स आहे. तिची रात्रपाळी सकाळी आठला सुटते. नऊच्या उपासनेला ती थेट ड्यूटीवरून यायची. साडेसात झाल्यावर तिचा रविवारच गेला. एखाद्या आजींना सकाळी साखरेची गोळी, मग न्याहारी, मग आंघोळ, मग रिक्षा. साडेसातला त्या पोचणार कशा? एखाद्या काकांचे गुडघे गेलेत आणि शाळेचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे. यांतल्या कुणाचंही पाळकसाहेबांशी भांडण नाही. पण चार महिने न आलेल्या माणसाबद्दल “ते नाराज आहेत” असं बोललं जातं. पाचव्या महिन्यात ते खरोखर नाराज झालेले असतात.

जिथे जमेल तिथे सोय करा. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी वाटेवरचं एक घर धरावं. हॉल वरच्या मजल्यावर असेल तर खालची एखादी खोली मागून बघा. खुर्च्या खाली न्यायला तरुण संघाची मुलं नाही म्हणणार नाहीत. रात्रपाळीवाल्यांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळची प्रार्थना ठेवा, कुणाच्या घरी का होईना. जे अंथरुणावर आहेत त्यांच्याकडे पाळकसाहेबांना प्रभुभोजन घेऊन जायला सांगा. त्यांच्याबरोबर शेजारचे दोघं-तिघंही जा. आजारी माणसाला मंडळी घरी आल्यासारखं वाटतं.

आता गाण्यांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त मनं तिथे दुखावतात.

जुन्या चर्चमध्ये भिंतीवर लाकडी फळी असते. तिच्या खाचांत गाण्यांचे आकडे सरकवलेले असतात. आत आलं की आजी आधी ती फळी बघतात, ‘उपासना संगीत’ उघडतात आणि पानांत खुणेचे कागद घालून ठेवतात. काहींना आकडा पुरतो, पुस्तक उघडावं लागत नाही. हॉलमध्ये ती फळी नसते. तिथे पडदा असतो. त्यावर चार ओळी येतात आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्या वाचण्याआधीच निघून जातात. आजी मग ओठ मिटून उभ्या राहतात. चाळीस वर्षं ज्यांनी गाणं उचललं, त्या गप्प होतात.

पडदा काढा असं मी म्हणत नाही. पडद्यावर गाण्याचा आकडा मोठा लिहा. हॉलमध्ये वह्या-पुस्तकांची पेटी न्या आणि दारात एका मुलाला ती वाटायला उभं करा. शक्य असेल तर फळीही न्या. दोन खिळ्यांचं काम आहे.

आणि आजी-आजोबांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलांनी की-बोर्ड लावला, नवं गाणं बसवलं, तर ते शिका. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पुढे त्यांनी अभंग आणि ओवीच्या वळणाची गाणी मंडळीला दिली. आज ती आपल्याला आपली जुनी गाणी वाटतात. पण ती पहिल्यांदा गायली गेली त्या रविवारी तीही नवीच होती. कुणीतरी ती शिकलं म्हणून तुमच्यापर्यंत आली. लेंटमध्ये एक टिळकांचं आणि एक मुलांचं, असं ठेवून पाहा. पेटी-तबल्यावरचं भजन मुलांना शिकवायला याहून चांगला काळ नाही. उपासनेनंतर अर्धा तास थांबलात तरी पुरे.

आपल्या लोकांनी याहून फार मोठे बदल पचवले आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. जरा विचार करा, काय झालं असेल. एकीकडे पुण्याच्या पंचहौदसारखी अँग्लिकन वळणाची मंडळी. तिथे लेंटला वेदीवर जांभळं कापड, छापील प्रार्थनाक्रम. दुसरीकडे त्या वेळच्या अहमदनगर भागातल्या, अमेरिकन मराठी मिशनमधून वाढलेल्या मंडळ्या. त्यांच्या जुन्या परंपरेत लेंट इतक्या काटेकोरपणे पाळण्याची रीत नव्हती, वचन आणि उपदेश यांच्यावर भर होता. हे सगळे एका नावाखाली आले. लहान बाळांचा बाप्तिस्मा करणारेही आले आणि कळत्या वयातच करावा असं मानणारेही आले. कुणाला आपली समजूत टाकून यायला सांगितलं नाही, दोन्ही रीती मान्य झाल्या. एवढा मोठा प्रश्न असा सुटू शकतो, तर साडेसात की नऊ हाही सुटेल.

वसईच्या कॅथॉलिक धर्मग्रामांना विचारा. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. तिच्यानंतर लॅटिन मिस्सा मराठीत आली. ज्यांनी जन्मभर लॅटिनमध्ये उत्तरं दिली होती, त्या म्हाताऱ्यांना म्हातारपणी नवी उत्तरं शिकावी लागली. नातवंडांनी शेजारी उभं राहून शिकवली, तिथे ती लवकर बसली. आज वसईत मराठीशिवाय उपासनेची कल्पना कुणाला करवत नाही.

२०२० तर तुम्ही स्वतः पाहिलंय. २५ मार्चपासून सगळं बंद. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला, ईस्टर १२ एप्रिलला, आणि चर्चचं दार बंद. आपण फोनवर उपासना ऐकली. त्यातून एक चांगली सवय लागली, एकमेकांना फोन करण्याची. आणि एक अशी सवय लागली जी काहींची अजून सुटलेली नाही, घरीच बसून पाहण्याची. आजाऱ्यांसाठी फोनवरची उपासना मोठा आधार आहे, ती चालू ठेवा. पण जे धडधाकट आहेत आणि अजून घरीच बसतात, त्यांच्या घरी या लेंटमध्ये एक चक्कर माराच. रागावू नका. “तुमची जागा रिकामी आहे,” एवढं सांगा.

उपवासाचं थोडं बोलतो. ज्यांना साखर आहे, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, ज्या पोटुशी आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनी जेवण सोडू नये. यात श्रद्धेचा कमीपणा नाही. कॅथॉलिक चर्चचा नियमही राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांनीच उपवास करावा असा आहे. बाकीच्यांनी दुसरं काही सोडावं. दहावी-बारावीची परीक्षा याच दिवसांत येते. त्या पोरांना उपाशी ठेवू नका आणि रोज प्रार्थनेला ओढूही नका. त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि त्यांना वेळेवर जेवू घाला.

सोडलेल्या गोष्टीचे पैसे वाचतात. ते डब्यात टाका. पण डबा कुणासाठी हे आधी ठरवा आणि शक्यतो आपल्याच गल्लीतलं नाव ठरवा: नोकरी गेलेलं घर, डायलिसिसवरचा माणूस, फीसाठी अडलेली मुलगी. ईस्टरच्या आधीच द्या, आणि देताना फोटो काढू नका. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं प्रभूने शिकवलंय. मंडळीच्या ग्रुपवर तर ते अजिबात कळू नये.

ग्रुपचं निघालंच आहे, तर सांगतो. नव्या पाळकसाहेबांची जुन्यांशी तुलना ग्रुपवर करू नका. त्यांच्या मुलाबाळांनी ती वाचलेली असते. त्यांचं कुटुंबही नव्या गावात आलंय, मुलांची शाळा मध्येच बदललीय, पाळकबाईंना अजून भाजीवाल्याचं नाव माहीत नाही. त्यांना एकदा जेवायला बोलवा. आणि जुन्या साहेबांना फोन करून “तुम्ही होता तेव्हा बरं होतं” असं सांगू नका. त्या बिचाऱ्यांना काही करता येत नाही, फक्त वाईट वाटतं.

तक्रार खरी असेल तर ती दाबूही नका. हिशेब दिसत नसेल, दुरुस्तीचा खर्च कळत नसेल, तर विचारणं हा तुमचा हक्क आहे. पण लेखी विचारा, सही करून विचारा, कमिटीत विचारा. कमिटीनेही उत्तर लेखी द्यावं, दारावर लावावं. निम्मी भांडणं न कळलेल्या आकड्यांवरून होतात. ती प्रभुभोजनाच्या रांगेपर्यंत आणू नका. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याशी पवित्र गुरुवारच्या आत बोला. तुम्ही आधी बोला. पाय धुण्याच्या उपासनेला बसायचं तर एवढं करायला हवं.

शेजाऱ्यांनाही विसरू नका. २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला होता आणि त्याच आठवड्यात रमजान सुरू झाला. एकाच चाळीत दोन घरं उपाशी राहून प्रार्थना करत होती. असं साल आलं की संध्याकाळी वाटीभर काहीतरी घेऊन शेजारी जा.

पवित्र आठवड्याची तयारी आधीच करा. झावळ्या कोण आणणार, गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत सात उद्गारांवर कोण बोलणार, हे लिहून लावा. जुन्या-नव्या दोन्ही घरांतली नावं घ्या, निदान दोन तरुण घ्या. दुपारी बारा ते तीनचं ऊन असतं. पाण्याचा माठ, दाराजवळ खुर्च्या, म्हाताऱ्यांना मध्ये उठून जायची मोकळीक. पत्र्याचा हॉल असेल तर पंखे आदल्या दिवशीच तपासा. ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानात प्रार्थना होत असेल, तर अंधारात कुणाला कोण आणणार ते शनिवारी संध्याकाळपर्यंत ठरलेलं असू द्या. यंदा ज्या घरात माणूस गेलंय, त्या घरापासून सुरुवात करा.

आणि वेळेचा, जागेचा, गाण्यांचा जो निर्णय अडलाय, त्यासाठी ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात सभा घ्या. तारीख झावळ्यांच्या रविवारीच जाहीर करा, म्हणजे लोक तोपर्यंत धीर धरतील. सभा संध्याकाळी ठेवा, तळमजल्यावर ठेवा. वहीत ज्या नावांपुढे खुणा केल्या होत्या, त्यांना आधी बोलू द्या. रात्रपाळीच्या त्या बहिणीला कोणती वेळ जमते ते तिलाच विचारा.