फुले २६५ आणि ऑफिसातलं पोस्टर

विद्यापीठांचं 'वर्क कल्चर' सुधारायचं तर कंपन्यांकडून शिका, असा सल्ला हल्ली जो तो देतो. व्हिजन, मिशन, मूल्यांची पोस्टरं, वर्षातून एकदा रिसॉर्टवर कार्यशाळा. मी गेली कित्येक वर्षं अशाच पोस्टरांखाली बसून कोड लिहितोय, त्यामुळे मला हसू येतं. माझं म्हणाल तर उलट आपणच जरा राहुरीकडे बघायला हवं.

राहुरी म्हणजे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. नगरहून शिर्डीला जाताना रस्त्यालगत ते लांबलचक आवार लागतं ना, तेच. स्थापना १९६८ ची. शिकवणं, संशोधन आणि ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवणं, तिन्ही कामं एकाच छपराखाली.

आता ऊस घ्या. विद्यापीठाचं ऊस संशोधन केंद्र पाडेगावला, सातारा जिल्ह्यात. ते १९३२ सालचं, म्हणजे विद्यापीठापेक्षाही जुनं! 'फुले २६५' हा वाण तिथलाच. कागदोपत्री नाव को एम ०२६५. त्यातले ०२ म्हणजे २००२ साल. शेतकऱ्यांसाठी शिफारस झाली २००७ मध्ये. त्याआधी ढीगभर रोपांतून मूठभर निवडायची, ती वर्षं वेगळीच. घाई करावी म्हटलं तरी ऊस ऐकत नाही. आडसाली लागण दीड वर्ष रानात उभी, मग खोडवा कसा येतो तेही बघायचं. कुलगुरूंची मुदत ५ वर्षं. म्हणजे एकाच्या काळात निवडलेलं रोप दुसऱ्याच्या काळात वाण म्हणून बाहेर पडणार, आणि मध्येच पैदासकारही निवृत्त होऊ शकतो. तरी काम चालू राहतं, कारण प्लॉटची नोंदवही पुढच्याच्या हातात जाते.

आणखी एक गंमत म्हणजे या नावांत निवडणारा माणूस कुठेच नाही. ज्वारी 'फुले वसुधा', सोयाबीन 'फुले संगम'. शेतकरी 'फुले' म्हणून मागतो तेव्हा त्याचा भरवसा संस्थेवर असतो. (आमच्याकडे दोन महिन्यांत उभ्या केलेल्या डेमोवर सात जणांची नावं असतात. असो.)

पण तिथेही सगळं आलबेल नाही. राज्यातल्या कृषी विद्यापीठांत रिक्त पदांची ओरड जुनीच आहे. सरकारी हिशेबात रिकामी खुर्ची म्हणजे वाचलेला पगार. मला तिथे साखळी तुटलेली दिसते. माझ्या एका जुन्या कंपनीतला सीनियर सोडून गेला तो 'केटी'च्या नावाखाली दोन तास स्लाइड्स दाखवून. पुढचे सहा महिने आम्ही त्याचा कोड उकरत बसलो होतो. कोड निदान उकरता तरी येतो. अमुक रोप का टाकून दिलं, पाणी कमी पडलं तेव्हा कुठली सरी तग धरून होती, हे वहीत अर्धंच उतरतं. बाकीचं बांधावर शेजारी उभं राहूनच कळतं.

तेव्हा कल्चरवर पैसा घालायचाच असेल तर कार्यशाळा रद्द करा. पैदासकार निवृत्त होण्याआधी किमान दोन हंगाम त्याच्या जागी येणारा माणूस नेमा आणि दोघांनाही पगार द्या. एका जागेवर दोन माणसं कशी, असं ऑडिटवाले विचारतीलच. त्यांना पाडेगावच्या प्लॉटवर न्यायचं आणि लागणीपासून तोडणीपर्यंतचे महिने मोजायला सांगायचे.