नंदी लाकडाचा, वेश प्लॅस्टिकचा!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदी घेऊन बालगोपाळ शिवबा, वासुदेव होऊन मिरवतात. परंतु त्या कोवळ्या गालांवरील रंग कशाचा, हे विचारावयाचे कोणी? हॅलोविनच्या नावाने नाके मुरडणे सोपे! त्याच अमेरिकेत २००९ साली एका संघटनेने मुलांच्या तोंडाला फासावयाचे दहा रंग तपासून घेतले. दहांतही शिसे निघाले; ते बालमेंदूस घातक. आपण निदान डबीवरचा मजकूर तरी वाचतो काय? वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते. घरोघरी आजीचे जुने लुगडे आहे, सहाणेवर चंदन आहे. मग बाजारातील पॉलिस्टरचा वासुदेव घरात येतो तरी कशाला?