वेगाच्या मैदानावरची जयणा



2023 सालच्या भाद्रपदात संवत्सरीचे प्रतिक्रमण होऊन चार-पाच दिवसच लोटले होते, आणि आम्ही सहकुटुंब दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथे मोटारसायकलींची शर्यत पाहावयास गेलो होतो. हे वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतील. माझ्याही पडल्या होत्या. परंतु पुतण्याने तिकिटे आधीच काढून ठेवली होती. दिल्लीचे साडू सहपरिवार येणार होते, बाजारपेठेतील दोन स्नेहीही निघाले होते. आणि ज्यांच्याकडे पाहून मी हा बेत मोडू इच्छीत होतो, ते माझे धाकटे बंधूच म्हणाले, "दादा, मला जायचं आहे."

बंधूंचा उजवा गुडघा 1996 पासून वाकत नाही. मोटारसायकलच्या अपघाताचे ते देणे. तेव्हापासून आमच्या घरात मोटारसायकल आली नाही. त्यांच्या मुलाला ती हवी आहे. पण त्याने विषय काढला की मी त्याच्या वडिलांच्या पायाकडे बोट दाखवी, आणि तो गप्प होई.

मोटोजीपी ही मोटारसायकल शर्यतींची जागतिक अजिंक्यपद मालिका. तिची फेरी भारतात प्रथमच, 22 ते 24 सप्टेंबर या तीन दिवसांत, बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भरली होती. शुक्रवारी सराव, शनिवारी क्रम ठरविणाऱ्या फेऱ्या व छोटी शर्यत, रविवारी मुख्य शर्यत, असा क्रम. ऊन असे प्रखर, की मुख्य शर्यतीच्या 24 फेऱ्या कमी करून 21 कराव्या लागल्या.

आमच्या जागा एका लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी होत्या. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने गाड्या येत. यंत्र पुढे निघून गेले तरी त्याचा आवाज छातीत घुमत राही. पहिला तासभर मी केवळ वेग पाहिला. पुढे डोळे सरावले, तेव्हा दिसू लागले ते वेगळेच. रस्त्याच्या कडेला वळणापर्यंतचे अंतर दर्शविणारे फलक होते. प्रत्येक स्वाराने ब्रेक कोठे दाबायचा हे जणू मनाशी नेमून ठेवले होते, आणि फेरीमागून फेरी तो त्याच जागी दाबीत होता. ज्याला क्षणभर उशीर झाला, तो वळणावर बाहेर फेकला गेला. कोठे अपघात झाला की पिवळे निशाण फडके. तेथे पुढच्याला ओलांडून जाण्यास सक्त मनाई. तीच यंत्रे दुरुस्तीच्या गल्लीत शिरली की मर्यादा ताशी साठ किलोमीटरची, आणि ती मोडणाऱ्याला दंड.

ईर्यासमितीत आपण काय शिकतो? चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावे. जीवदयेसाठी सांगितलेली जयणा आणि बक्षिसासाठी पाळलेली शिस्त एक नव्हेत, हे मी जाणतो. तरीही पुढची जमीन पाहिल्यावाचून पाऊल टाकू नये, हा धडा त्या कर्कश मैदानावर मला पुन्हा मिळाला.

रविवारी इटलीचा मार्को बेझेक्की जिंकला. शनिवारची छोटी शर्यत जिंकणारा स्पेनचा होर्हे मार्टिन दुसरा आला, पण उन्हाने पुरता गळून गेला होता. गतवर्षीचा जगज्जेता फ्रान्सेस्को बान्याया दुसऱ्या क्रमांकावर असताना पडला. तो उठून उभा राहिलेला पाहून बंधूंनी सुटकेचा श्वास सोडला, आणि शांतपणे म्हणाले, "दादा, हे लोक थांबण्याची जागा आधी ठरवतात, मग वेग ठरवतात. त्या संध्याकाळी माझ्याजवळ थांबायला जागाच नव्हती."

ते सहज हसले. मला हसता आले नाही.

ती संध्याकाळ मी त्यांना कधीच विचारली नव्हती. थंडीचे दिवस, उसाचा हंगाम. मी त्यांना शेजारच्या गावी वसुलीला धाडले होते. निघताना बजावले होते, "दिवस बुडायच्या आत पैसे घेऊन परत ये. चौविहार आहे, आई जेवायची थांबेल." येताना एका वळणावर कंदील नसलेली उसाची बैलगाडी पुढे आली. घरात, पेढीवर, नातलगांत मी सत्तावीस वर्षे एकच सांगत आलो, "त्याला वेगाची हौस होती."

शर्यत संपली. गर्दीतून गाडीपर्यंत पोहोचण्यात बराच वेळ गेला. डबे गाडीत नव्हते. जेवण साडूंच्या घरी होते. पुतण्या गाडी चालवीत होता. पश्चिमेकडे सूर्य खाली आलेला दिसला, आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "सूर्यास्ताच्या आत पोहोचलं पाहिजे, जरा..."

पुढचा शब्द घशातच अडकला. बंधू पुढल्या आसनावरून मागे वळून न पाहता मुलाला म्हणाले, "सावकाश चल. नाही पोहोचलो तर आज संध्याकाळचं जेवण नाही, एवढंच."

वाचकहो, दर संवत्सरीला मी बंधूंना हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणत आलो आहे. त्या वर्षीही म्हटले होते. पण कशाबद्दल, हे त्या सत्तावीस वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते. ते मी त्या गाडीत, त्यांच्या मुलासमक्ष उच्चारले. घाई माझी होती. वेगाची हौस म्हणून मी तुझ्या माथी मारली. बंधू बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुलाही तेव्हा पंचविसावंच होतं, दादा." आम्ही पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. कोणी जेवले नाही.

आपण व्यापारी माणसे. माल आजच गेला पाहिजे, उधारी आजच आली पाहिजे, असे दिवसातून कितीदा तरी म्हणतो. ते ऐकणारा आपला मुलगा, भाऊ किंवा चालक रस्त्यावर असतो. त्याच्या हाती वाहन असते. घाई मात्र आपण गादीवर बसून दिलेली असते. हिशेब करताना ती आपल्याच खाती मांडावी.

पुतण्याच्या मोटारसायकलीचा निर्णय मी आता बंधूंवर सोपविला आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही. मात्र एक अट आधीच घातली आहे, आणि ती मुलाला नाही, मला घातली आहे: तो घरातून निघेल तेव्हा परत येण्याची वेळ त्याला कोणी सांगायची नाही.

जय जिनेंद्र.