साळुंकीचं गाव कोणतं?

आमच्या हाउसमधल्या चार-पाच जणांना ससाणा पाळण्याचं वेड लागलं आहे. मीही त्यातलाच. अमेरिकेतल्या बाजदारांचे व्हिडिओ आम्ही पाठ केले आहेत. तिथे नवशिक्याला आधी पक्षी ओळखायला शिकवतात. स्टार्लिंग आणि हाउस स्पॅरो हे युरोपातून आणलेले, त्यांना कायद्याचं संरक्षण नाही. पण तशाच दिसणाऱ्या देशी चिमण्यांना आहे. त्यांना धक्का लागला तर गुन्हा. हा नियम मला फार आवडला. माझी चूक अशी, की नियमाबरोबर परदेशातली यादीही मी इकडे आणली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चेन्नईला होतो. बाबांचं पोस्टिंग तिथे आहे. क्वार्टरच्या भिंतीत एसीच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकात साळुंकीने घरटं केलं होतं. जगातल्या सर्वांत घातक शंभर घुसखोर जीवांची एक प्रसिद्ध यादी आहे. तिच्यात पक्षी फक्त तीन, आणि त्यांत साळुंकी. मी काठीने घरटं ओढून काढलं. चार निळी अंडी होती. दोन फुटली.

शेजारचे निवृत्त सुभेदार जिन्यात उभे होते. रागावले नाहीत. "थंबी, ही बाहेरची असेल तर हिचं गाव कोणतं?" एवढंच म्हणाले.

मला सांगता आलं नाही. नंतर वाचलं. साळुंकीचं गाव हेच. १८६०च्या दशकात माणसांनी तिला मेलबर्नला नेलं, पिकांवरचे किडे खाईल म्हणून. तिथे ती घुसखोर. त्या यादीतला दुसरा पक्षी लालबुड्या बुलबुल, चेन्नईत कुंपणाकुंपणावर दिसतो. म्हणजे तीनपैकी दोन आपलेच! आपला गावकावळा केनियात इतका वाढला, की दहा लाख कावळे मारायचं तिथल्या वन्यजीव खात्याने २०२४ साठी ठरवलं. आणि हाउस स्पॅरो म्हणजे चक्क आपली चिऊताई. तिच्यासाठी नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात.

माझं मत असं, की खूप संख्या, कलकलाट, भांडखोरपणा हे परकेपणाचे पुरावे नाहीत. पक्षी मूळचा कुठला आणि इथे तो कोणी आणला, हेच विचारायचं. त्या हिशेबाने शहरात परका पक्षी बहुतेक पिंजऱ्यातच सापडतो. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा, लव्हबर्ड आफ्रिकेचा. शेजारच्या पिंजऱ्यातला कंठवाला पोपट मात्र आपला, आणि त्याला कोंडणं हा गुन्हा आहे. लोक नेमकं उलटं समजतात. (कबुतरांचं मला अजून नीट जमत नाही. पारवा इथलाच, पण त्याच्या थव्यात पाळीव कबुतरांची पिल्लावळ मिसळलेली असते.)

राहिला ससाणा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिक्रा काय किंवा बहिरी ससाणा काय, आपल्याला पकडता येत नाही, पाळता येत नाही. माझ्या मित्रांना हा अन्याय वाटतो. मला आता वाटत नाही. ज्याला साळुंकी ओळखता आली नाही, त्याच्या हातावर शिक्रा कशाला? रेंजवर निशाण नीट पाहिल्याशिवाय ट्रिगरला बोट लावू देत नाहीत, तेव्हा आपण तक्रार करतो का?

गिंडीच्या झाडांत शिक्रा मोकळा दिसतो, त्याला बघायला परवाना लागत नाही. हॉबी क्लबसाठी चामड्याचे मोजे मागणाऱ्या अर्जावर माझीही सही आहे. ती मी मागे घेतो. त्या पैशांत एखादी दुर्बीण येते का, ते बघावं.